मॅडम आणि बावीस पायऱ्या

बावीस पायऱ्या, प्रत्येकीची उंची साडेसात इंच. मॅडम आमच्या पेणच्या ऑफिसात रुजू झाल्या, त्या दिवशी हजेरीपटावर सही करायच्या आधी त्यांनी हे माप घेतलं. पर्समधून शिंप्याकडे असते तशी गुंडाळलेली टेप काढली, जिन्याशी उकिडव्या बसल्या आणि एकेक पायरी मोजत वर आल्या. मी वरून बघत होते. मला वाटलं, बांधकाम खात्याकडून कुणी बाई आल्यात. म्हणून मी म्हणाले, "गळतीचं बघायचं असेल तर ती मागच्या खोलीत आहे." त्यांनी मान डोलावली, मागच्या खोलीत जाऊन गळती बघितली, भिंतीवरच्या ओल्या डागाचंही माप घेतलं आणि मग परत येऊन म्हणाल्या, "मी तुमची नवी साहेब."

ऑफिस कुठलं ते सांगत नाही. सरकारी होतं, दुमजली होतं, एवढं पुरे. निराधार म्हाताऱ्यांची, विधवा बायांची, अपंगांची पेन्शनची कामं आमच्याकडे होती. खाडीकाठच्या मिठागरांवर जन्म काढलेल्या बाया यायच्या. हमरापूर, जोहे इकडच्या गणपतीच्या कारखान्यांत रंगकाम करून पाठ वाकलेली माणसं यायची. दर वर्षी एकदा येऊन त्यांनी आपण जिवंत असल्याचं दाखवायचं आणि तसा दाखला न्यायचा. तो दाखला मिळायची खिडकी पहिल्या मजल्यावर होती. तळमजल्यावर रेकॉर्ड रूम, म्हणजे जुन्या कागदांचे लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे. असं का, हे कुणी विचारलं नव्हतं. मी तिथे नऊ वर्षं लिपिक होते, मीही नव्हतं विचारलं.

मॅडम बुटक्या होत्या. पन्नाशी ओलांडलेली, कडक इस्त्रीची सुती साडी आणि तिच्याखाली शाळेत पीटीच्या तासाला घालतात तसे पांढरे कॅनव्हासचे बूट. आवाज मोठा. साधं "पंखा बंद करा" म्हणायच्या तरी वाटायचं, काहीतरी चांगली बातमी सांगतायत. त्या रोह्याच्या, मीही रोह्याची. त्यामुळे सकाळच्या गाडीला आम्ही एका डब्यात असायचो. त्यांचे मिस्टर रिटायर्ड मास्तर. ते स्कूटरवरून त्यांना स्टेशनवर सोडायचे, डबा हातात द्यायचे आणि रोज एकच वाक्य म्हणायचे, "आज कुणाशी भांडू नको." मॅडम रोज हसून "बरं" म्हणायच्या.

गाडीत बसल्यापासून त्यांचं ऑफिस सुरू व्हायचं. समोरच्या अनोळखी बाईला विचारायचं, घरी म्हातारं कोण आहे, पेन्शन चालू आहे का, कागद कुठे अडलाय. महिन्याभरात ही गोष्ट पसरली. मग नागोठण्याला आणि कासूला लोक कागद घेऊन आमच्याच डब्यात चढायला लागले. एकदा तर एका आजोबांना पेणला काही कामच नव्हतं. ते कासूला चढले, मॅडमना कागद दाखवला, पेणला उतरून पलीकडच्या गाडीने परत गेले. मी झोपायचे त्या गाडीत, अर्धा-पाऊण तास. ती झोप माझी गेली ती गेलीच.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. आमच्यापैकी कुणी म्हणालं, "मॅडम, नियमात बसत नाही," की त्या म्हणायच्या, "नियम शेवटपर्यंत वाचलास का? शेवटी एक 'परंतु' असतो. आपलं काम तिथून सुरू होतं."

हमरापूरची एक बाई आली होती. पस्तीस वर्षं गणपतींचे डोळे रंगवलेली. तिचा अंगठा मशीनवर उमटेना. बोटांवरच्या रेषाच राहिल्या नव्हत्या, रंग आणि रॉकेल यांनी खाऊन टाकलेल्या. मी तिला सांगितलं, अंगठा उमटल्याशिवाय होणार नाही, पुढच्या आठवड्यात बघू. ती बिचारी निघाली. मॅडमनी तिला जिन्यात गाठून परत आणलं, नियमाचं पुस्तक काढलं, दोन पानं उलटली आणि 'परंतु'वर बोट ठेवलं. ठसा उमटत नसेल तर अधिकाऱ्याने स्वतः ओळख पटवून सही करावी, असं तिथे छापलेलं होतं. नऊ वर्षं ते पुस्तक माझ्याच टेबलावर होतं.

आता हे ऐकून कुणालाही वाटेल, काय सोन्यासारखी बाई. रोज तिच्या हाताखाली काम करून बघा. आमच्या ऑफिसात सरळ दोन तट पडले. ड्रायव्हर उस्मानभाई मॅडमच्या बाजूचे. त्यांची दोन्ही मुलं कतारला, घरी दोघं म्हातारी नवरा-बायकोच, त्यांना म्हाताऱ्यांची कणव. दुसऱ्या तटाचे पुढारी मोकल. मोकल म्हणजे आमचे रेकॉर्ड सांभाळणारे. उंच, हाडकुळे, खाडीपट्ट्यातले. मुलगा डोलवीच्या कंपनीत शिफ्टमध्ये. सकाळी मॅडमचे बूट जिन्यावर वाजले की मोकल खालून आवाज द्यायचे, "चला, आजचा एपिसोड सुरू. टीव्हीवर त्या ऑफिसच्या मालिका असतात ना, तशी आपली गत झालीय. हिरोईन ती एकटी, बाकी आपण सगळी येडी."

आणि खोटं नव्हतं ते. मॅडमना दुसऱ्याचं ऐकायची सवयच नव्हती. डोक्यात एक आलं की ते सगळ्या जगाला आवडलंच पाहिजे, असं त्यांना मनापासून वाटायचं. न आवडलं तर त्या रागवायच्या नाहीत, पहिल्यापासून पुन्हा समजावून सांगायच्या. त्यापेक्षा रागवलेलं परवडलं असतं.

फळ्याचंच घ्या. त्यांनी शाळेतला एक जुना फळा आणून भिंतीला लावला आणि वर मथळा लिहिला, 'आज परत पाठवलेली माणसं'. खाली आलेल्या माणसाचं नाव, गाव आणि त्याला "उद्या या" म्हणणाऱ्या कर्मचाऱ्याचं नाव. सगळ्यांना दिसेल असं. पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त वेळा मॅडमचंच नाव होतं, आणि ते त्या स्वतःच मोठ्या अक्षरांत लिहीत होत्या. म्हणून आम्हाला उघड बोलता येईना.

दुसऱ्या महिन्यात माझं नाव लागलं. त्या दिवशी माझ्या मुलीला ताप होता. सासूबाईंचे फोनवर फोन येत होते. दुपारी एका माणसाला मी "उद्या या" म्हटलं आणि चारच्या गाडीने रोह्याला पळाले. दुसऱ्या दिवशी आले तर फळ्यावर खडूने माझं नाव, शेजारी जोह्याच्या कुणा नामदेव म्हाताऱ्याचं. मॅडम म्हणाल्या, "तो बसने आला होता गं, दोन बस बदलून." का गेले, हे त्यांनी विचारलं असतं तर मुलीच्या तापाचं सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही. मी संडासात जाऊन रडले, हे आज लिहितेय.

त्याच सुमाराला हिराबायचा प्रसंग झाला. हिराबाय सत्तरीची, मिठागरात चिखल तुडवून दोन्ही गुडघे गेलेले. दाखल्यासाठी आली आणि अकराव्या पायरीवर बसली. खाली लोक, वर लोक, मध्ये ही. मी वरून हाका मारतेय, "आजी, थोडंच राहिलंय."

"माज्यान नाय चढवत गो," हिराबाय म्हणाली. "मी हाय, इतं हाय, डोल्यांनी बघतेस ना? मंग लिव की, जिवंत हाय म्हनून."

मॅडम उठल्या, खाली गेल्या आणि तिच्या शेजारी पायरीवर बसल्या. गुडघ्यावर फाईल ठेवून सही केली. मग कितीतरी वेळ दोघी तशाच बसून बोलत होत्या. लोक बाजूने वाट काढून जा-ये करत होते. त्या उठून वर आल्या आणि उस्मानभाईंना म्हणाल्या, "माझं टेबल खाली घ्या."

"कुठे, मॅडम?"

"जिन्याखाली. मोटारसायकली लावतात तिथे."

उस्मानभाईंनी टेबल खाली नेलं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या साहेब जिन्याखाली बसायला लागल्या. डोक्यावर पायऱ्यांचा उतार, त्यामुळे उठताना वाकून उठायचं, शेजारी दोन स्कूटर. लोकांची कामं तिथे भराभर व्हायला लागली. पण खिडकी आणि कॉम्प्युटर अजून वरच, आणि सही हवी की आम्हाला खाली उतरायला लागायचं. दिवसातून वीस वेळा. रेकॉर्डचा कागद असला की तो घेऊन मोकलही खाली-वर. तिसऱ्या दिवशी माझ्या पोटऱ्या भरून आल्या. मोकल त्यांना म्हणाले, "मॅडम, आमी काय हमाल हाव काय?"

"पाय दुखतात?" मॅडमनी विचारलं.

"व्हय, दुखतात."

"मोकल, तुम्ही छप्पन्नचे. हिराबाय सत्तरची." एवढं बोलून त्या पुढच्या कागदाकडे वळल्या. मोकल ताडताड निघून गेले.

त्याच आठवड्यात तक्रार लिहिली गेली. वरच्या ऑफिसला, सविस्तर, कलमवार. पहिली सही मोकलांची. एकोणीस जणांत अकरा सह्या झाल्या, त्यातली अकरावी माझी. खरं म्हणजे नुसती सहीच नाही. मोकल म्हणाले, "तुझं काय दुखणं असेल ते लिव." तेव्हा चौथं कलम मी माझ्या हाताने लिहिलं. 'फळ्यावर नाव लिहिण्यापूर्वी कर्मचाऱ्याला त्याची अडचण विचारली जात नाही.' बाकीची कलमं मी वाचलीसुद्धा नाहीत. सही केली आणि त्याच संध्याकाळी मॅडमच्या शेजारी गाडीत बसून रोह्याला गेले. त्यांनी डब्यातले पोह्याचे पापड पुढे केले. मी एक घेतला.

तक्रार गेली आणि काहीच झालं नाही. महिना गेला, दीड महिना गेला. मधल्या काळात एक गोष्ट मात्र झाली. फळ्यावरचा कर्मचाऱ्यांच्या नावाचा रकाना एका सकाळी पुसलेला दिसला. त्या जागी नवीन रकाना होता, 'का राहिलं'. मला वाटलं, त्यांना आपणहून सुचलं असेल.

आता मॅडमनी मोठी गोष्ट डोक्यात घेतली. खिडकी कायमची खाली आणायची आणि रेकॉर्ड रूम वर न्यायची. तसं बघितलं तर यात मोकलांचाच फायदा होता. पावसाळ्यात नाल्याचं पाणी तळमजल्यावर यायचं आणि दर वर्षी ते खालच्या फळीवरचे गठ्ठे टेबलांवर चढवत बसायचे. पण मोकल म्हणाले, "रेकॉर्ड हलणार नाय. बिल्डिंग हलेल, रेकॉर्ड नाय."

ते हट्टाने बोलतायत असं सगळ्यांना वाटलं. मला कारण माहीत होतं, जुन्या लोकांना माहीत होतं. बारा वर्षांपूर्वी एक नोंदवही हरवली होती. ती कुणी नेली, कुठे गेली, कळलं नाही. चौकशी झाली, ठपका मोकलांवर आला, बढती अडकली. ज्यांना त्यांनी काम शिकवलं ते त्यांचे साहेब झाले. तेव्हापासून रेकॉर्ड रूममधला एक कागदही ते दुसऱ्याच्या हातात देत नसत.

मी हे मॅडमना गाडीत सांगितलं. नागोठणं गेलं, कासू गेलं, त्या गप्प. इतका वेळ गप्प बसलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. शेवटी म्हणाल्या, "मी त्या माणसाला एकदाही विचारलं नाही, का नाही म्हणतो ते." दुसऱ्या दिवशी त्या रेकॉर्ड रूममध्ये गेल्या आणि दार लोटून घेतलं. अर्ध्या तासाने बाहेर आल्या. मोकल मागून आले. म्हणाले, "रविवारी हलवायचंय. एकेक गठ्ठा माझ्या डोल्यांसमोर जाणार. यादीवर खूण झाल्याशिवाय एक नाय हलणार. यादी कोण धरणार?"

मॅडमनी माझ्याकडे बोट केलं. "ही. हिच्या हातात यादी असली की मी निर्धास्त."

मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. पण यादी मी घेतली.

त्या रविवारी सकाळी एकोणीसपैकी सातच जण आले. गठ्ठे हजाराच्या वर. आम्ही बघतच राहिलो. तेवढ्यात दारात टेम्पो थांबला आणि त्यातून बाया उतरायला लागल्या. पुढे हिराबाय. तिच्या गावच्या सुना, लेकी, शेजारणी, वीस-बावीस जणी, कासोटे खोचून. मॅडमनी गाडीत कुणाला तरी रविवारचं सांगितलं होतं, ते खाडीपर्यंत पोचलं होतं.

हिराबाय म्हणाली, "आमी मीठ व्हायलं जल्मभर. हातानं हातानं. ह्ये तर कागद हायेत."

तिने सगळ्यांना जिन्यावर उभं केलं, दर पायरीला एक बाई. स्वतः खाली खुर्चीवर बसली आणि तिथून हुकूम सोडायला लागली. रेकॉर्ड रूमच्या दारात मोकल उभे. ते गठ्ठ्याचा नंबर वाचायचे, मी यादीवर खूण करायचे, आणि गठ्ठा निघायचा. एका हातातून दुसऱ्या हातात, पायरीमागून पायरी, वर उस्मानभाईंपर्यंत. ते तो क्रमाने रॅकवर लावायचे. कुणाचे पाय हलत नव्हते, गठ्ठेच चढत होते. बायांच्या गप्पा चालू. कुणाच्या सुनेचं काय झालं, कुणाच्या वालाला शेंगा लागल्या. एका गठ्ठ्यावर उंदराने घर केलेलं निघालं तेव्हा चार पायऱ्या किंचाळल्या आणि मग सगळा जिना हसत सुटला. मॅडम सोळाव्या पायरीवर होत्या, बुटांसकट, डोक्याला रुमाल बांधून. तोंड एक मिनिट बंद नव्हतं. मोकल खालून ओरडले, "सोलावी पायरी बोलते फार, काम कमी."

जिना पुन्हा हसला. मॅडम सगळ्यात जास्त.

दुपारी खोली रिकामी व्हायला आली. शेवटचं लोखंडी रॅक राहिलं, भिंतीला चिकटलेलं. चौघांनी ते ओढलं आणि मागून काहीतरी सरकून फरशीवर पडलं. धूळ उडाली. एक लांबट, काळ्या पुठ्ठ्याची वही होती.

मोकल वाकले. त्यांनी ती उचलली, शर्टाच्या टोकाने पुठ्ठा पुसला, नंबर वाचला. मी यादीत नंबर शोधायला लागले तर ते म्हणाले, "यादीत नाय ती. तीच हाय."

मला कळायला एक क्षण लागला. मग मी जिन्याकडे बघून ओरडले, "मॅडम, मोकलांची वही सापडली."

मॅडम सोळाव्या पायरीवरून धावत उतरल्या, सगळ्या बायांना ढकलत. मोकलांच्या हातातली वही त्यांनी बघितली, पण हात लावला नाही. म्हणाल्या, "तुम्हीच धरा. आत्ताच्या आत्ता पंचनामा. सगळ्यांच्या सह्या." आणि मला सांगायला लागल्या, वाक्य न वाक्य. रॅकच्या मागे, भिंत आणि रॅक यांच्या फटीत, इतक्या जणांसमक्ष. फटीचं माप त्यांनी स्वतः घेतलं. साडेतीन इंच. खाली आमच्या सात जणांच्या सह्या झाल्या, बावीस बायांचे अंगठे आणि सह्या झाल्या. हिराबाय अंगठा उठवताना मोकलांना म्हणाली, "तू नव्हती ना रं नेली? मंग रडतोस कशाला?"

मोकल रडत होते. तोंड हसरं होतं आणि रडत होते.

जेवणाचं काय करायचं हा प्रश्नच आला नाही. बायांनी टेम्पोतून मडकं, भांबुर्ड्याचा पाला आणि ओल्या वालाच्या शेंगा काढल्या. ऑफिसच्या मागच्या मोकळ्या जागेत भर दुपारी मडक्यात शेंगा भाजायची पोपटी लागली. शेंगांचा वास थेट रस्त्यावर. न आलेल्या बारा जणांपैकी तिघं तो वास लागून की कसे, दीडच्या सुमाराला उगवले. मोकलांनी त्यांना आधी शेवटचं रॅक उचलायला लावलं, मग शेंगा दिल्या.

सोमवारपासून खिडकी खाली सुरू झाली. खिडकीचा कट्टा मॅडमनी हिराबायला समोर उभी करून तिच्या उंचीचा घेतला. मोकल वरच्या नव्या रेकॉर्ड रूममध्ये सुखाने राहायला लागले. वहीचा अहवाल मॅडमनी वर पाठवला, पाठपुरावा केला, आणि त्यांचं बढतीचं प्रकरण पुन्हा उघडलं.

आणि अशा आनंदात असताना एके दिवशी चौकशी येऊन थडकली. आमच्याच तक्रारीची. आम्ही ती विसरूनही गेलो होतो, पण ती आपली टेबलामागून टेबल फिरत होती.

चौकशीला आलेले साहेब स्थूल होते. बावीस पायऱ्या चढून वर आले आणि पाच मिनिटं पंख्याखाली बसून राहिले. मग एकेकाला आत बोलवायला लागले. मोकलांना बोलावलं तेव्हा दार उघडंच होतं, आम्ही सगळे कान देऊन होतो.

"ही सही तुमची?"

"माझीच हाय साहेब. पण तवाची."

"म्हणजे तक्रार खोटी आहे?"

"नाय नाय. तक्रार खरी हाय. बाई कुणाचं ऐकत नाय. डोक्यावर बसतात. आताही बसतात."

"मग आता म्हणणं काय तुमचं?"

मोकलांनी विचार केला. "बसू द्या," म्हणाले.

माझी पाळी आली. मी सांगितलं, चौथं कलम माझं, ते तेव्हा खरं होतं, आता तसं होत नाही. बाकीची मी न वाचता सही केली. साहेब माझ्याकडे बघत राहिले. "सरकारी नोकरीत हे बोलायचं नसतं," म्हणाले, आणि लिहून घेतलं नाही.

महिन्याने मॅडमना ताकीद आली. लेखी. रविवारी बाहेरच्या लोकांना रेकॉर्डला हात लावू दिला, परवानगी न घेता तळमजल्यावर नागरिक खिडकी सुरू केली, पुढे असं होऊ नये. आम्ही सगळे खाली मान घालून उभे. मॅडमनी कागद दोनदा वाचला आणि उस्मानभाईंना पेढे आणायला पाठवलं.

"मॅडम, ताकीद आहे ती," मी म्हणाले.

"अगं वाच ना. 'तळमजल्यावर नागरिक खिडकी.' वरच्या ऑफिसने लिहिलंय, जावक नंबर घालून. आत्तापर्यंत ही खिडकी कागदावर नव्हतीच. कुणीही येऊन म्हणाला असता, कुठली खिडकी? आता आहे." ताकीदपत्राची एक प्रत त्यांनी फाईलला लावली आणि दुसरी मोकलांकडे दिली. "जपून ठेवा." मोकलांनी ती स्वतः वर नेली.

दीड वर्षाने बदली झाली, ती नेहमीची, मुदत संपली म्हणून. निरोप समारंभात निम्मे लोक रडले आणि उरलेल्यांनी, खरं सांगायचं तर, सुटकेचा निःश्वास सोडला. त्यातले काही रडणाऱ्यांतही होते. मोकल आता हेडक्लार्क झाले होते. भाषण करा म्हटल्यावर उठले, म्हणाले, "बाईंनी लय त्रास दिला," आणि पुढचं काही सुचेना म्हणून बसले. एवढ्या टाळ्या कुणालाच पडल्या नाहीत.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी शेवटचं एकत्र गाडीने रोह्याला निघालो. मांडीवर शाल-श्रीफळ, पायाशी लोकांनी दिलेल्या पिशव्या. एकीत पापड, एकीत मिठाची पुरचुंडी, एकीत हमरापूरच्या त्या बाईने दिलेली वीतभर गणपतीची मूर्ती. खिडकीतून भाताची कापलेली शेतं सरकत होती. मी पेणपासून मनाशी जुळवत होते. कासूला सुरुवात केली आणि थांबले. नागोठण्याला गाडी सुटल्यावर बोलून टाकलं.

"मॅडम, ती तक्रार. त्यात माझीही सही होती."

"माहीत आहे."

"चौकशीत कळलं?"

"नाही गं. प्रत मला आधीच आली होती. तुम्ही पाठवलीत त्याच आठवड्यात. वरच्या ऑफिसात माझी मैत्रीण आहे."

मी हिशेब लावत बसले. त्याच आठवड्यात. म्हणजे फळ्यावरचा रकाना पुसायच्या आधी. म्हणजे त्या रविवारच्या कितीतरी आधी. माझ्या हातात यादी दिली, तेव्हा त्यांना माहीत होतं. दोन वर्षं रोज शेजारी बसून पापड पुढे केले, तेव्हा माहीत होतं.

"कलम चार तुझं ना?" त्या म्हणाल्या. "अक्षर ओळखलं मी. मुलीला ताप होता त्या दिवशी, हे मला नंतर उस्मानभाईंनी सांगितलं. मी विचारायला हवं होतं. तुला तसं तोंडावर म्हणायचं राहूनच गेलं."

मी पिशव्या उगाच सारख्या केल्या. रोहा जवळ आलं, लोक दाराकडे सरकायला लागले. मॅडम उठल्या, शाल खांद्यावर टाकली, गणपती छातीशी धरला.

"एक सांगू?" त्या म्हणाल्या. "ते चौथं कलम सोडलं तर बाकीची तक्रार अगदी भिकार लिहिली होती. मुद्दा धड नाही, पुरावा नाही. पुढच्या साहेबाची करायची वेळ आली तर सगळी तू लिही."